नऊ हजार सहाशे शहाण्णव अभ्रे

हॉस्पिटलच्या कपड्यांच्या स्टोअरचे स्टोअरकीपर बिनचूकराव या नावानं ओळखले जात. हे नाव ठेवलं होतं धुलाईखान्यातल्या बायकांनी, तेही चेष्टेनं. पण ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना इतकं बरं वाटलं, की दोन दिवस ते धुलाईखान्याशी गोड बोलत होते. पुढे मेट्रनपासून हेडक्लार्कपर्यंत सगळेच त्यांना तोंडावर बिनचूकराव म्हणू लागले आणि तेही 'ओ' देऊ लागले.

नाव तसं खोटं नव्हतं. चादरी, ब्लँकेटं, टॉवेल, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे, यांतलं किती धुवायला गेलं, किती परत आलं, किती फाटलं, हे त्यांना तोंडपाठ असे. कुणी म्हणालं, "शंभरेक चादरी असतील," की ते चष्मा काढून त्या माणसाकडे बघत. "शंभरेक म्हणजे किती? शंभर, की एक?" माणूस ओशाळायचा. मग ते सांगत, "सत्त्याण्णव." आणि सत्त्याण्णवच असायच्या.

गुणाकार केला की ताळा बघायचा, हा त्यांचा नेम. आकड्यातल्या अंकांची बेरीज करायची, ती एक अंक उरेपर्यंत करत राहायची, आणि उत्तराच्या अंकांशी जुळते का ते बघायचं. हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. ताळा जुळला की ते पेन्सिलीनं एक छोटी टिकली करत, आणि ती टिकली झाली की आकाश कोसळलं तरी तो आकडा बदलत नसे.

घरीही तेच. बायकोनं "जरा वेळात येते" म्हटलं की ते विचारत, "किती मिनिटांत?" पंधरा वर्षांत बायकोनं याचं उत्तर एकदाही दिलं नव्हतं, ती सरळ जिना उतरून जायची. मुलगी ठकू मात्र वडिलांची होती. पाचवीत शिकायची, दोन घट्ट वेण्या घालायची, आणि कुणी किती वाजले विचारलं तर "पावणेआठ" न म्हणता "सात त्रेचाळीस" म्हणायची.

अशा या ठकूला गणिताच्या चाचणीत दहापैकी शून्य मार्क पडले.

बिनचूकरावांनी पेपर हातात घेतला तेव्हा त्यांना वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी आलाय. पाच गणितं होती, पाचही गुणाकाराची. पहिलंच होतं: एका इमारतीला एकवीस मजले आहेत, प्रत्येक मजल्यावर एकोणपन्नास खिडक्या आहेत, तर इमारतीला अंदाजे किती खिडक्या? ठकूनं सुबक अक्षरात गुणाकार मांडला होता आणि खाली लिहिलं होतं, एक हजार एकोणतीस. बिनचूकरावांनी ताळा केला. जुळला. उरलेली चारही बघितली. सगळी बरोबर. आणि प्रत्येकापुढे लाल शाईचं शून्य. तळाशी शेरा: 'उत्तरं अचूक आहेत, पण विचारली नव्हती.'

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात तेल ओतणारी गोष्ट अशी, की शेरा ज्यांच्या अक्षरात होता त्या गणिताच्या बाई म्हणजे त्यांची सख्खी मेहुणी होती. बायकोची धाकटी बहीण. ठकूची मावशी.

"सख्ख्या भाचीला शून्य?" ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले.

"मग काय, सख्खी म्हणून दोन मार्क वाढवायला हवे होते?" बायको भांडी पुसत म्हणाली. "तसं केलं असतं तर तुम्हीच बोलला असतात."

ते पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत गेले.

रविवारी मेहुणी नेहमीसारखी जेवायला आली. चप्पल काढायच्या आत बिनचूकरावांनी तिच्यापुढे पेपर धरला.

"हे काय आहे?"

"चाचणी," ती म्हणाली. "दाजी, आधी पाणी तरी देता का?"

पाणी पिऊन झाल्यावर तिनं शांतपणे समजावलं. मुलांना आकडे जवळच्या पूर्ण दशकाला न्यायला शिकवलंय. एकोणपन्नासचे पन्नास करायचे, एकवीसचे वीस. पन्नास विसे हजार. झालं. कागद लागत नाही, पेन्सिल लागत नाही. बाजारात, बसमध्ये, कुठंही माणसाला चटकन कळतं की साधारण केवढं असेल. "अचूक गुणाकाराची चाचणी मागच्या महिन्यात झाली. त्यात ठकूला दहापैकी दहा आहेत. ही अंदाजाची होती."

"म्हणजे एकोणतीस खिडक्या तू सरळ बुजवून टाकल्यास?"

"बुजवल्या नाहीत हो. बाजूला ठेवल्या."

"माझ्या स्टोअरमध्ये कुणी एकोणतीस चादरी बाजूला ठेवल्या तर त्याला चोरी म्हणतात."

बायको हसली, मेहुणीही हसली. बिनचूकराव हसले नाहीत. ठकू ताटाकडे बघत होती. ती म्हणाली, "जाऊ दे ना बाबा." पण ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. बरोबर उत्तराला शून्य, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. मेहुणी निघाली तेव्हा त्यांनी तिला सांगूनच टाकलं, की मी वर अर्ज करणार आहे. ती म्हणाली, "करा. फक्त शुद्धलेखन बघून करा, मोठ्या बाई मराठीच्या आहेत."

सोमवारी सकाळी स्टोअरमध्ये बसून बिनचूकरावांनी अर्ज लिहायला घेतला. तीन कच्चे मसुदे फाडले. चौथा जमत आला होता. 'सत्य हे सत्यच असते, ते जवळपास नसते,' हे वाक्य त्यांना फार आवडलं. तेवढ्यात हेडक्लार्कचा फोन आला, की नव्या अभ्र्यांचं मागणीपत्र आज दुपारच्या आत हवं.

वर्षातून एकदा जुने अभ्रे बाद करून दर उशीमागे एक नवा अभ्रा मागवायचा, अशी पद्धत होती. वॉर्ड बावीस, प्रत्येक वॉर्डात उशा अठ्ठेचाळीस. त्यांनी मसुद्याच्या पाठीवरच गुणाकार मांडला. पहिली ओळ लिहिली, शहाण्णव. दुसऱ्या ओळीत शून्य मांडलं, आणि तेवढ्यात त्यांना सुचलं की 'जवळपास'ऐवजी 'अंदाजे' हा शब्द जास्त झोंबेल. त्यांनी कागद उलटला, शब्द बदलला, कागद सुलटा केला, शून्य मांडलं, त्याच्याजवळ शहाण्णव लिहिले आणि बेरीज केली. नऊ हजार सहाशे शहाण्णव.

मग ताळा. अठ्ठेचाळीसचे उरले तीन, बावीसचे चार. तीन चोक बारा, बाराचे तीन. उत्तराचे नऊ, सहा, नऊ आणि सहा मिळून तीस, तिसाचे तीन. जुळला. पेन्सिलीची टिकली झाली. आकडा मागणीपत्रावर उतरला, अंकात आणि अक्षरात.

हेडक्लार्कनं मागणीपत्र हातात घेतलं, आकड्यावरून नजर फिरवली आणि भुवई थोडी वर केली. पण खाली सही बघितली आणि भुवई खाली आली. "बिनचूकरावांचं आहे ना?" तो म्हणाला. "मग मी काय बघणार?" त्याची सही झाली. त्याच्या सहीखाली मेट्रनची झाली आणि मेट्रनची बघून मोठ्या डॉक्टरांची.

शाळेतही काम झटपट झालं. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, भांडणाला फार घाबरायच्या. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, एक ऱ्हस्व उकार दीर्घ केला आणि म्हणाल्या, "तुमचं म्हणणं अगदीच चूक आहे असं नाही."

"अगदी बरोबर आहे," बिनचूकराव म्हणाले.

"तेच ते."

"तेच नाही, बाई. चूक नसणं वेगळं आणि बरोबर असणं वेगळं."

मोठ्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं. आठवड्याच्या आत शाळेच्या फळ्यावर नोटीस लागली, की यापुढे अंदाजाच्या गणितात अचूक उत्तर दिल्यास पूर्ण मार्क मिळतील. ठकूच्या शून्याचे दहा झाले. आता अचूक उत्तराला पूर्ण मार्क असतील तर अंदाज शिकवायचा कशाला, असा प्रश्न पालकसभेत कुणीतरी काढला. मोठ्या बाईंनी त्यावरही वाद होऊ नये म्हणून अंदाजाचा धडाच गाळला, आणि गणिताच्या बाईंचे जे तास त्यामुळे रिकामे झाले त्यांत त्यांना शिवणकाम दिलं.

मेहुणीला सुई ओवता येत नव्हती. ती रविवारी जेवायला यायची बंद झाली. "तिला वेळ नसेल," बिनचूकराव म्हणाले.

"हो," बायको म्हणाली. "काज शिकत असेल."

तीन आठवड्यांनी हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाशी ट्रक उभा राहिला. ड्रायव्हरनं चलन पुढे केलं. शंभराचा एक गठ्ठा, असे शहाण्णव गठ्ठे, आणि वर एक शहाण्णवचा. बिनचूकरावांनी गठ्ठे मोजून घ्यायला सुरुवात केली. दहापर्यंत त्यांना काही वाटलं नाही. अकरावा गठ्ठा आत आला तेव्हा त्यांना वाटलं, दुसऱ्या कुणाचा माल आपल्याकडे उतरतोय. पंधराव्याला त्यांनी चलन पुन्हा वाचलं. विसाव्याला ते स्टुलावर बसले.

"काय झालं, साहेब?" ड्रायव्हरनं विचारलं.

"काही नाही. उतरवा."

स्टोअरची फडताळं भरली. मग जमीन भरली. मग बाहेरची गॅलरी भरली, आणि शेवटचे तीस गठ्ठे जिन्याखाली रचले. धुलाईखान्यातल्या बायका बघायला आल्या. मेट्रन आली आणि त्या पांढऱ्या भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाई गं," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "काही साथबिथ येणार आहे का?"

कुणाच्याही मनात आलं नाही की हे चुकलं असेल. बिनचूकरावांनी मागवलेत म्हणजे त्यामागे काहीतरी हिशोब असणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. संध्याकाळपर्यंत धुलाईखान्यात तीन कारणं तयार झाली होती, आणि तिन्ही ऐकायला पटण्यासारखी होती.

बिनचूकराव मात्र दार लावून मसुद्याची पाठ बघत बसले होते. काहीतरी बिघडलंय हे त्यांना त्या गठ्ठ्यांच्या ढिगावरून कळत होतं, कागदावरून कळत नव्हतं. त्यांनी पुन्हा ताळा केला. जुळला. उलटीकडून केला. जुळला. एककाचा अंक तपासला, आठ दुणे सोळा, सहा बरोबर. ज्या ताळ्यावर त्यांनी बावीस वर्षं काढली होती तो त्यांच्याकडे बघून 'सगळं ठीक आहे' म्हणत होता, आणि खिडकीबाहेर अभ्रेच अभ्रे दिसत होते.

कागद खिशात घालून ते घरी आले. जेवणाच्या टेबलावर तो पसरून, कपाळाला हात लावून बसले. ठकू शेजारी येऊन उभी राहिली.

"बाबा, काय करताय?"

"गुणाकार बघतोय. अठ्ठेचाळीस गुणिले बावीस."

तिनं मान वाकडी करून कागदाकडे बघितलं. श्वास घ्यायलाही वेळ लागला नाही. "एवढे कसे येतील? पन्नास विसे हजार. हजाराच्या आसपास यायला हवं. हे तर दहा हजाराच्या घरात गेलंय." मग बोट ठेवून म्हणाली, "हे बघा, तुम्ही शून्य दोनदा दिलंय."

बिनचूकराव त्या दोन शून्यांकडे बघत राहिले. नऊशे साठ आणि शहाण्णव. एक हजार छप्पन्न. त्यांनी सवयीनं त्याचाही ताळा केला. तोही तीनच आला.

"पण ताळा जुळतोय," ते म्हणाले. त्यांचा आवाज एखाद्या मोठ्या माणसाकडे तक्रार करावी तसा आला.

"ताळ्याला शून्य दिसत नाही ना, बाबा. एक जास्त काय, चार जास्त काय. मावशीनं सांगितलंय. म्हणून आधी अंदाज करायचा."

"तुला येतो अंदाज?"

"येतो की. वर्गात सगळ्यांत आधी माझाच हात वर असायचा."

"मग पेपरात का नाही लिहिलंस?"

ठकूनं वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "पेपर तुम्ही बघणार होतात," ती म्हणाली.

हे वाक्य बिनचूकरावांना अभ्र्यांच्या ढिगापेक्षा जड गेलं. त्या संध्याकाळी ते जेवणावरून लवकर उठले. बायकोनं दोनदा विचारलं, बरं नाही का? ते म्हणाले, आहे. किती बरं आहे, हे त्यांनी सांगितलं नाही, तेव्हाच तिला काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कबुलीपत्र लिहिलं. सरळ, कुणावर न ढकलता. गुणाकारात माझी चूक झाली, एक हजार छप्पन्नच्या जागी नऊ हजार सहाशे शहाण्णव मागवले, म्हणजे आठ हजार सहाशे चाळीस जास्त आले, जी शिक्षा असेल ती मान्य आहे. ते घेऊन मोठ्या डॉक्टरांच्या केबिनशी गेले, तर बाहेर शिपायानं थांबवलं. आत पाहणी समिती बसली होती.

ही समिती गावोगावची हॉस्पिटलं बघत फिरायची आणि सगळीकडे एकच शेरा मारायची: उशांना अभ्रे नाहीत. दोन डॉक्टर आणि एक निवृत्त सिस्टर असे तिघं. सिस्टरबाईंना तर अभ्रा नसलेली उशी बघितली की रडू यायचं म्हणे. त्या दिवशी त्यांनी बावीस वॉर्ड बघितले. प्रत्येक उशीला आदल्या संध्याकाळीच चढवलेला कोरा, कडक, पांढराशुभ्र अभ्रा. मग त्यांना कुणीतरी गॅलरी दाखवली. मग जिन्याखालचे गठ्ठे दाखवले. सिस्टरबाईंनी एका गठ्ठ्यावर हात फिरवला आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

बिनचूकरावांना आत बोलावण्यात आलं.

"दर उशीमागे नऊ अभ्रे!" समितीचे अध्यक्ष म्हणाले. "कसं सुचलं तुम्हाला?"

"सुचलं नाही," बिनचूकराव म्हणाले. "चुकलं."

सगळे खळखळून हसले. सिस्टरबाई म्हणाल्या, "बघा, किती विनय." बिनचूकरावांनी कबुलीपत्र टेबलावर ठेवलं. मोठ्या डॉक्टरांनी ते वाचलं, घडी घातली आणि खिशात टाकलं.

समिती गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं.

"चूक झालीय, साहेब," बिनचूकराव म्हणाले.

"आता नाही झाली. समितीनं रिपोर्टात 'दूरदृष्टी' असा शब्द लिहिलाय. मी त्यांना काय कळवू, दूरदृष्टी नव्हती, शून्य होतं म्हणून?"

"पण खरं तेच आहे."

"बिनचूकराव, इतकं नेमकं असून चालत नाही," मोठे डॉक्टर म्हणाले, आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली.

महिन्याभरात फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र आलं. त्याच्याबरोबर एक परिपत्रकही आलं, की इतर हॉस्पिटलांनीही हा आदर्श समोर ठेवून दर उशीमागे नऊ अभ्रे ठेवावेत. कुठल्याशा स्टोअरकीपरनं फोन करून विचारलं, नऊच का, दहा का नाहीत? बिनचूकरावांनी फोन खाली ठेवला. प्रशस्तिपत्र त्यांनी घरी नेलं नाही. मेट्रननं ते स्टोअरच्या दारावर लावलं, अशा ठिकाणी, की आत जाताना आणि बाहेर येताना दोन्ही वेळा दिसावं.

बरोबर उत्तराला शून्य मिळालं तेव्हा त्यांच्याकडे अर्ज लिहायला शब्द होते. चुकीच्या उत्तराला पैकीच्या पैकी मिळाले तर कुणाकडे अर्ज करायचा, हे त्यांना कळेना.

एक अर्ज मात्र त्यांच्या हातात होता. ते शाळेत गेले आणि मोठ्या बाईंना म्हणाले, "माझी तक्रार मागे घेतो. अंदाजाचा धडा परत सुरू करा, आणि गणिताच्या बाईंना त्यांचे तास द्या."

मोठ्या बाई घाबरल्या. "आता कसं शक्य आहे? नोटीस लागलीय. पालक खूष आहेत. मार्क वाढलेत. तुमच्या अर्जातलं ते वाक्य तर मी शिक्षकांच्या खोलीत लावलंय." आणि त्यांनी बोट दाखवलं. 'सत्य हे सत्यच असते.' खाली त्यांचं नाव होतं.

"निदान शिवणकाम तरी काढा त्यांचं."

"ते वर्षअखेरीस बघू."

"वर्षअखेरीस म्हणजे कधी?" असं विचारायला तोंड उघडलं होतं त्यांनी, पण ते मिटलं आणि ते बाहेर पडले.

रविवारी ते मेहुणीच्या घरी गेले. तिनं दार उघडलं. तिच्या हाताच्या दोन बोटांना पट्ट्या चिकटवल्या होत्या. बिनचूकरावांनी सगळं सांगितलं. अभ्रे, दोन शून्यं, ताळा, प्रशस्तिपत्र, आणि ठकू काय म्हणाली तेही. सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या टेबलावर पडलेल्या एका वाकड्या काजाकडे बघत होते. मेहुणी सुरुवातीला गंभीर राहायचा प्रयत्न करत होती. पण तीस गठ्ठे जिन्याखाली गेले तिथं तिचा बांध फुटला आणि ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"मला शिकव," हसणं थांबल्यावर बिनचूकराव म्हणाले.

"काय?"

"ते. अंदाजे."

तेव्हापासून मेहुणी पुन्हा दर रविवारी जेवायला येते, आणि जेवणाआधी अर्धा तास टेबलावर वर्ग भरतो. अर्धा तास कधी पंचवीस मिनिटांचा होतो, कधी चाळीस, आणि बिनचूकराव ते चालवून घेतात. शाळेनं गाळलेला धडा असा या घरात चालू आहे, विद्यार्थी दोन, त्यांतला एक मठ्ठ. ठकूचा हात आकडे कानावर पडायच्या आत वर जातो. बिनचूकरावांना वेळ लागतो. आकडा दशकाला नेणं त्यांना आता जमतं, पण जसं काही कुणाच्या अंगावरचा कपडा काढून घेतोय, अशा चेहऱ्यानं.

परवा मेहुणीनं विचारलं, "दाजी, त्रेसष्ट गुणिले अठ्ठावीस. अंदाजे?"

बिनचूकरावांनी डोळे मिटले. ओठ हलले. बराच वेळ गेला. ठकू खुर्चीत चुळबुळत होती, पण मावशीनं तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

"सुमारे," बिनचूकराव सावकाश म्हणाले, "एक हजार सातशे चौसष्ट."

मेहुणीनं कपाळावर हात मारला. स्वयंपाकघरातून बायकोच्या हसण्याचा आवाज आला.

"साठ तिसे अठराशे, बाबा!" ठकू ओरडली.

"अठराशे," ते म्हणाले. "हो. अठराशे." दोन्ही आकडे काही क्षण त्यांच्या चेहऱ्यावर झटापट करत होते. मग त्यांनी हळूच पेन्सिल उचलली आणि टेबलाच्या कडेला, वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासात, एक वजाबाकी मांडली.

मेहुणी वाकून बघत म्हणाली, "किती आला फरक?"

"छत्तीस."

"येणारच," ती म्हणाली. "तुमचा आणि अंदाजाचा छत्तीसचाच आकडा आहे." आणि तिनं त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.